गॅपचं ॲफिडेव्हिट वेगळं, आजारपणाचा कागद वेगळा

आंबा संपून पाऊस लागला की आमच्या ऑफिसच्या खिडकीवर दर वर्षी हीच रांग. छत्र्या गळतायत, प्लास्टिकच्या पिशवीतनं कागद निघतायत आणि आजारपणात परीक्षा चुकलेल्या प्रत्येकाच्या हातात तेच स्टँप पेपरवरचं ॲफिडेव्हिट. "सर, गॅपचं करून आणलंय, आता स्कॉलरशिप चालू होईल ना?" मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात स्कॉलरशिपचं टेबल बघतो आणि हे वाक्य ऐकून ऐकून कंटाळलोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

गॅप ॲफिडेव्हिट काय असतं ते सगळ्यांना माहितीय. बारावी झाली, एक वर्ष घरी बसलो किंवा बापाबरोबर बोटीवर गेलो, मग ॲडमिशन घेतली, तर मधलं वर्ष कुठे होतात ते शपथेवर सांगायचं. त्या काळात दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता, एवढंच. ते ॲडमिशनसाठी असतं. पुढे.

आता खरी गोची. परीक्षा चुकलेल्या पोराचं 'गॅप' झालेलंच नसतं! तो वर्षभर आमच्या रोलवर असतो, हजेरी असते, फॉर्म भरलेला असतो, बऱ्याचदा त्या वर्षाची शिष्यवृत्तीसुद्धा मंजूर असते. मग तोच पोरगा शपथेवर लिहून आणतो की या वर्षी मी कुठेही शिकत नव्हतो. म्हणजे स्वतःच्याच फॉर्मला स्वतःच खोटं पाडलं, वर स्टँपचे पैसे गेले ते वेगळेच. हा सल्ला कोण देतं? स्टँडजवळचा सायबर कॅफे. तिथे प्रत्येक दुखण्याला ॲफिडेव्हिट हे एकच औषध.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या, शिष्यवृत्तीच्या नियमात अशा पोरांसाठी सरळ वाट ठेवलेली आहे, कोणी वाचत नाही एवढंच. आजारपणामुळे किंवा आधी कळूच शकणार नाही अशा दुसऱ्या कारणाने परीक्षेला बसता आलं नाही तर पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती रिन्यू करता येते. त्याला दोन गोष्टी लागतात. एक, मेडिकल सर्टिफिकेट आणि इतर पुरेसा पुरावा, संस्थाप्रमुखांचं समाधान होईल असा. आणि दुसरी, जी सगळे विसरतात, ती म्हणजे संस्थाप्रमुखांचा दाखला की हा विद्यार्थी परीक्षेला बसला असता तर पास झाला असता.

हे नीट वाचा. 'आजारी होता' एवढं पुरत नाही, 'बसला असता तर पास झाला असता' हे कोणीतरी सहीशिक्क्यानिशी म्हणायला हवं. आणि प्रिन्सिपॉल ते हवेतनं म्हणणार नाहीत. त्यांच्यासमोर हजेरी लागते, इंटर्नलचे मार्क लागतात, आधीच्या सेमचा रिझल्ट लागतो. वर्षभर कॉलेजात तोंड न दाखवता एप्रिलमध्ये आजारी पडलेल्याला हा दाखला मिळणं अवघड, आणि माझं विचाराल तर ते बरोबरच आहे.

दोन वर्षांपूर्वी राजापूरकडची एक मुलगी आईला घेऊन आली होती. ऐन परीक्षेत कावीळ, सिव्हिलला ॲडमिट. आई आल्या आल्या, "भाऊ, आता हिचे पैसे बंद काय ओ?" हातात अर्थातच ॲफिडेव्हिट. म्हटलं अगं बाय, हे राहू दे, डिस्चार्ज कार्ड कुठाय? ते घरी, तांदळाच्या डब्याखाली. दुसऱ्या दिवशी आणलं. मग मी टेबलावर हॉल तिकीट आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी शेजारी ठेवलं आणि तारखा जुळवल्या, पाचपैकी चार पेपर ॲडमिट असतानाचे, पाचवा घरी आल्यावर दोन दिवसांनी, त्याला डॉक्टरांची विश्रांतीची चिठ्ठी होती. इंटर्नल तिचं चांगलं. वर्गशिक्षकांनी चार ओळी लिहिल्या, त्यावर प्रिन्सिपॉलची सही झाली. ओळखीच्या डॉक्टरकडनं जूनमध्ये मागची तारीख टाकून आणलेलं सर्टिफिकेट असतं तर मीच परत पाठवलं असतं. ती सर्टिफिकेटं लांबून ओळखू येतात हो, सगळ्यांना 'व्हायरल फीवर', सगळ्यांना बरोबर परीक्षेएवढेच दिवस.

परीक्षेला बसून नापास झालात तर ही वाट तुमची नाही. मेडिकल-इंजिनिअरिंगसारख्या, या शिष्यवृत्तीत वरच्या गटात धरलेल्या कोर्सला पहिल्यांदा नापास झालं तरी शिष्यवृत्ती रिन्यू होऊ शकते, दुसऱ्यांदा झालं की वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च आपला आपण. एटीकेटीवाल्यांनी, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांनी, उगाच घाबरू नये, विद्यापीठाने पुढच्या वर्गात घेतलंय ना, मग बाकीच्या अटी बसत असतील तर त्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळते. एटीकेटीला 'गॅप' म्हणणारे भेटले की माझं डोकं फिरतं.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला अजून सगळे ईबीसीच (आर्थिक मागासांची सवलत) म्हणतात, तिथे अट साधी आहे: कोर्स चालू असताना दोन किंवा जास्त वर्षांचा खंड नको. एक वर्ष गेलं म्हणून रडत येऊ नका.

आणि ज्यांनी एज्युकेशन लोन काढलंय त्यांनीही डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. केंद्राची व्याजाची सबसिडी, वर्षाला साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठीची, कोर्स मध्येच सोडला तर जाते, पण वैद्यकीय कारणाने सोडला असेल तर कागदपत्रांवर टिकते, आणि इथेही समाधान संस्थाप्रमुखांचंच व्हावं लागतं. कोर्स लांबला तर बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या मॉडेल स्कीममध्ये, म्हणजे नमुना योजनेत, दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देता येते. पण ती मागावी लागते, हप्ता चालू व्हायच्या आधी. मॅनेजरला स्वप्न पडत नाही.



राजापूरच्या त्या मुलीचं रिन्यूअल झालं. तिचं ॲफिडेव्हिट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलंय, परत न्यायला कोणी आलं नाही.