घडीची ट्रायमरन भर समुद्रात मिटते?

घडी होणाऱ्या ट्रायमरनबद्दल, म्हणजे मधला मुख्य सांगाडा (बोटीचं धड) आणि दोन्ही बाजूंना एकेक तरंगा असलेल्या शिडाच्या बोटीबद्दल, एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: जिथे सांधा, तिथे कमजोरी, मोठी लाट आली की बोट छत्रीसारखी मिटणार. ऐकायला पटतं, पण रचना वेगळं सांगते.

न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या इयान फॅरियर यांनी १९७०च्या दशकात ही घडी विकसित केली. बाजूचा प्रत्येक तरंगा दोन आडव्या बाहूंवर असतो. बाहू उघडला की त्याचं आतलं टोक मधल्या सांगाड्यातल्या खाचेत घट्ट बसतं आणि जाड बोल्टने आवळलं जातं. बाहूला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या-वरच्या दांड्या जागेवरच राहतात. म्हणजे भार एका बिजागरीवर लोंबकळत नाही. खरी काळजी घ्यायची ती बोल्टची. तो सैल ठेवून निघणं हा निव्वळ निष्काळजीपणा.

१९८५च्या सुमारास आलेली फॅरियर यांची एफ-२७ ही बोट उघडल्यावर सुमारे ५.८ मीटर रुंद, मिटल्यावर अडीच मीटरच्या आसपास. म्हणून ती ट्रेलरवर मावते. आणि हो, या बोटींनी अटलांटिकही ओलांडला आहे.

डेन्मार्कच्या ड्रॅगनफ्लाय या घडीच्या ट्रायमरनचे बाहू मात्र मागे वळतात. रुंदी घटते, लांबी वाढते.