सालई

सालई : (हिं. सलई, गु. शालेडो, धूप-गुगळ, सं. शल्लकी, सल्लकी, गजभक्ष्या, कुंदुरुकी; लॅ. बॉस्वेलिया सेराटा, कुल-बर्सेरेसी). सातपुड्याच्या खडकाळ, उन्हाने तापणाऱ्या उतारांवर वाढणारा पानझडी औषधी वृक्ष. खानदेशात रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात तो आढळतो. खोडाला घाव घातला की पाझरणारा सुगंधी चीक, म्हणजे सालईचा डिंक, हे त्याचे औषधी अंग आज प्रसिद्ध आहे. जुन्या वैद्यकात मात्र मान सालीला होता.

झाड ९ ते १५ मी. उंच होते. साल हिरवट-राखी असून तिचे कागदासारखे पापुद्रे निघतात. पाने फांद्यांच्या टोकाशी झुबक्यांनी येतात. पान संयुक्त, विषमदली (टोकाला एकटे दल असलेले). दलांच्या ८ ते १५ जोड्या व कडा करवतीसारख्या दातेरी (‘सेराटा’ हे नाव त्यावरूनच). थंडी सरता सरता निष्पर्ण फांद्यांवर लहान पांढरी फुले येतात. फळ तीन धारांचे असून तीन शकलांनी उकलते. दुरून पाहणारा सालई व मोई (शेमट) यांत हमखास फसतो. मोईची दले संख्येने कमी व कडेला साधी असतात. सालईचे पान चुरगळले की वास येतो.

जिथे सागाला पुरेल एवढी माती संपते, तिथून वर कातळाच्या धारेला सालई लागते. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि वणव्यातूनही ती बऱ्यापैकी तगते. इतर झाडे हटली तरी ती उभी राहते, त्याचे हे एक कारण. चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ मध्ये केलेल्या भारतीय वनांच्या वर्गीकरणात ‘सालई वन’ हा शुष्क पानझडी वनांतील, जमिनीच्या गुणाने घडलेला वेगळा प्रकार मानला आहे. खानदेशच्या परिचयाचे ‘अंजन वन’ही त्याच गटात येते. १९६९ मध्ये स्थापन झालेले यावल अभयारण्य (१७७.५२ चौ. किमी.) याच पट्ट्यात आहे.

नावांचा प्रश्न : या वृक्षाच्या नावांचा गुंता मोठा आहे आणि तो नुसता शब्दांचा नाही, कारण बाजारातील मालाची सरमिसळ त्यातूनच होते. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात (सर्वसाधारणपणे चौथे ते सहावे शतक) गजभक्ष्या, सुवहा, सुरभी, महेरुणा, कुंदुरुकी, सल्लकी, ह्लादिनी अशी नावे एकत्र दिली आहेत. ‘शल्लकी’ हा शब्द संस्कृतात साळिंदरालाही लावतात. गजभक्ष्या म्हणजे हत्तींचे खाद्य. आज सातपुड्यात रानहत्ती नाहीत, त्यामुळे हे नाव कवींची लकब वाटते. पण आईन-इ-अकबरीत माळव्याच्या सुभ्यातील हत्तींच्या ठिकाणांत बिजागढचे नाव आहे, आणि बिजागढ म्हणजे खानदेशाच्या उत्तर सीमेपलीकडचा निमाड. नाव अनुभवातून पडले असावे.

खरा वाद ‘कुंदुरुकी’बद्दल आहे. अमरकोशातच ‘कुंदुरु’ हे एका सुगंधी द्रव्याचे नाव म्हणून वेगळे आले आहे. अरबी-फारसीत ‘कुंदुर’ म्हणजे धूप, अर्थात पाश्चात्त्यांचा फ्रँकिन्सेन्स. संस्कृत शब्द पश्चिमेकडे गेला, असे काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते फारसी शब्द ग्रीक ‘खोंद्रोस’ (दाणा) यावरून आला व व्यापाऱ्यांबरोबर भारतात उतरला. अमरकोशात द्रव्य ‘कुंदुरु’ आणि वृक्ष ‘कुंदुरुकी’ असा भेद आहे, म्हणजे वृक्षाचे नाव द्रव्याच्या नावावरून बनलेले दिसते. बाहेरून येणाऱ्या धुपाशी साम्य दिसल्यावर घरच्या सल्लकीला ते नाव मिळाले, हा क्रम अधिक संभाव्य वाटतो.

हाच गोंधळ वेगळ्या वाटेने इंग्रजी ग्रंथांतही शिरला. हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी १८०७ मध्ये कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये असे मांडले की, प्राचीनांचा फ्रँकिन्सेन्स म्हणजे भारतीय सालईचाच डिंक. वनस्पतीचे शास्त्रीय नावही याच लेखातून प्रसिद्ध झाले (नाव विल्यम रॉक्सबर्ग यांचे, प्रकाशन कोलब्रुक यांचे). पुढची काही दशके युरोपातील औषधग्रंथांवर या मताचा प्रभाव होता. सोमाली किनाऱ्यावरील झाडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, वाढवली गेल्यावर हे मत ढासळले. जॉर्ज बर्डवुड यांनी १८७० च्या सुमारास या वंशाचा आढावा घेऊन अरबी व आफ्रिकी जाती वेगळ्या दाखवल्या. त्यांतील एका जातीला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे नाव दिले. तेव्हापासून व्यापारी फ्रँकिन्सेन्स मुख्यतः अरबस्तान व आफ्रिकेचा आणि सालई त्याची भारतीय बहीण, हे मत स्थिर आहे. जुन्या ग्रंथांतील बॉ. थुरिफेरा व बॉ. ग्लॅब्रा ही नावे सालईचीच समजावीत.

खानदेशच्या बाजारात यात आणखी दोन नावे मिसळतात. ‘गुगळ’ म्हटले की सालईचा डिंकही देतात. खरा गुग्गुळ त्याच कुलातील पण वेगळ्या, काटेरी झुडपाचा (कॉमिफोरा वाइटी) असून तो कच्छ-काठेवाड व राजस्थानचा. ‘लोबान’ हा शब्द मूळ अरबी ‘लुबान’, म्हणजे फ्रँकिन्सेन्सच. पण दुकानात त्या नावाने बहुधा सुमात्रा बाजूच्या स्टायरॅक्स झाडाचा ऊद हाती येतो. औषध म्हणून घेणाऱ्याने नुसत्या नावावर विसंबू नये.

वैद्यकातील उल्लेख : चरकसंहितेतील पुरीषविरजनीय (मळाचा वर्ण पूर्ववत करणाऱ्या) द्रव्यांच्या दशकात शल्लकीची साल आहे. सुश्रुताने शल्लकी रोध्रादि गणात घातली असून तिथे तिच्या शेजारीच जिंगिनी, म्हणजे बहुधा मोई, येते. दोन्ही ठिकाणी रोख तुरट, स्तंभक (स्राव थांबवणाऱ्या) गुणावर आहे : अतिसार, रक्तस्राव, व्रण. गुडघे व सांधे यांसाठी सालई हे आजचे समीकरण या सर्वांत जुन्या उल्लेखांतून थेट निघत नाही. ते डिंकाच्या नंतरच्या वापरातून व गुग्गुळाशी असलेल्या नात्यातून बळावले असावे. ‘हजारो वर्षे संधिवातावर वापरले जाणारे’ ही जाहिरातींतील ओळ म्हणून जपूनच घ्यावी.

डिंक : पावसाळा संपल्यावर खोडाची साल थोडी तासून घाव घालतात व ठरावीक दिवसांनी तो ताजा करतात. ९० सेंमी.पेक्षा कमी घेराच्या झाडाला घाव घालू नये असा वनविज्ञानातील संकेत आहे. ताजा चीक पातळ असतो. तो बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवला की ‘रस’ निथळून जातो आणि चिकट, सोनेरी डिंक उरतो. पूर्ण वाढलेल्या झाडापासून वर्षाला साधारण १ ते १.५ किग्रॅ. डिंक मिळतो. त्यात ८–९% बाष्पनशील तेल, ५५–५७% रेझीन, २०–२३% पाण्यात विरघळणारा डिंक व बाकी ओलावा आणि कचरा असतो. तेलात थुजीन व पायनीन ही द्रव्ये प्रमुख. त्यामुळे टर्पेंटाइनला पर्याय म्हणूनही त्याचा विचार झाला होता.

आधुनिक संशोधन : रेझिनातील बॉस्वेलिक अम्ले ही औषधी गुणाची मुख्य द्रव्ये. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग व अटल यांनी १९८६ मध्ये डिंकाच्या अर्काचा सूजनाशक गुण प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला. नेहमीच्या वेदनाशामकांप्रमाणे त्याने जठरात व्रण होत नाहीत, हे त्यातील विशेष. १९९२ मध्ये जर्मनीतील साफायी, अमॉन व सहकाऱ्यांनी दाखवले की, ही अम्ले ५-लिपॉक्सिजनेज या एंझाइमाला रोखतात. या एंझाइमापासून ल्यूकोट्रायीन ही सूज वाढवणारी द्रव्ये बनतात. सर्वांत प्रभावी ठरलेले अम्ल (संक्षेपाने ‘एकेबीए’) डिंकात जेमतेम काही टक्केच असते.

इथून पुढे मतभेद आहेत. तोंडाने घेतलेल्या अर्कातून एकेबीए रक्तात फार थोडे पोचते आणि तेही बरेचसे रक्तातील प्रथिनांना चिकटून राहते. म्हणून शरीरात प्रत्यक्ष परिणाम दुसऱ्या लक्ष्यांवर, उदा., कॅथेप्सिन-जी व प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एका एंझाइमावर, होत असावा असे काही जर्मन संशोधक म्हणतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत मात्र एकेबीए ५-लिपॉक्सिजनेजच्या मुख्य स्थानी नव्हे, तर दोन भागांमधील खाचेत बसलेले दिसले. म्हणजे ते या एंझाइमाला प्रत्यक्ष चिकटते; त्यामुळे जुने मत पुरते मोडीत निघालेले नाही. अर्क स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास रक्तातील प्रमाण वाढते, हे मात्र सर्वमान्य आहे. तूप-दुधाबरोबर औषध देणाऱ्या वैद्यांना याचे नवल वाटणार नाही.

नागपूरच्या चाचणीत (प्रसिद्धी २००३) गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांना ३३३ मिग्रॅ. अर्क दिवसातून तीनदा ८ आठवडे दिला. वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र फरक पडला नाही. २०१४ च्या कॉक्रन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) वेदना व हालचाल यांत अल्पसा लाभ नोंदवला आहे. अर्काने मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात (ज्या झाडाची साल जुलाबावर देत, त्याच्याच डिंकाची ही गंमत). गरोदरपणी, तसेच रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना तो वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

स्थानिक वापर : सातपुड्यातील भिल्ल, पावरा, तडवी वस्त्यांत सालईच्या डिंकाची मुख्य ओळख धुपाची आहे. दुखऱ्या सांध्यावर व जखमेवर तो तेलात खलून लावतात. बडवा (वस्तीतला पुजारी-वैदू) धूप जाळतो तो पूजेसाठी की उपचारासाठी, अशी विभागणी तिथे फारशी लागू पडत नाही.

लाकूड व पुनरुत्पत्ती : लाकूड हलके, लवकर कीड लागणारे. तरी जुन्या खानदेशची राजधानी असलेल्या बऱ्हाणपूरजवळ नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला, त्याला आसपासच्या जंगलातील सालई व बांबू हाच आधार होता. एकेकाळी छापील बातमीत सालई होती, असे म्हणता येईल. बियांची उगवण कमी. रोपाचा कोंब दरवर्षी उन्हाळ्यात वाळतो आणि मूळ पुरेसे जाड झाल्यावरच खोड टिकते. फांदी मात्र सहज जगते. पावसाळ्याआधी जाड फांद्या रोवल्या की त्यांना पालवी फुटते, म्हणून कुंपणासाठी ही सोय बरी. पण अशा झाडाचा घेर डिंक काढण्याजोगा व्हायला फार वर्षे जातात.