कलम ६६अ आणि ठाणे जिल्हा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील रद्द झालेले कलम. २००८च्या दुरुस्तीने ते आले आणि ऑक्टोबर २००९पासून लागू झाले. संगणक वा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. आक्षेपार्ह म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती. त्यामुळे ते ठरवणे प्रत्यक्षात पोलीस ठाण्यावरच आले.

याचा सर्वांत गाजलेला प्रत्यय पालघरला आला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते; वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१२मध्ये, मुंबई बंद कशासाठी, असा प्रश्न एका तरुणीने फेसबुकवर विचारला. मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. नुसत्या ‘लाइक’साठी अटक, हे आजही अंगावर येते. देशभर टीका झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, दंडाधिकाऱ्यांची बदली झाली आणि पुढे खटलाही बारगळला.

याच अटकेमुळे श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. एखाद्या मताची चर्चा किंवा त्याचा हिरिरीने पुरस्कार हे नागरिकाचे स्वातंत्र्यच आहे. बोलणे चिथावणीपर्यंत पोहोचले तरच राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२)मधील, भाषणस्वातंत्र्यावरचे निर्बंध लागू होतात, हा या निकालाचा गाभा.

संकेतस्थळे व मजकूर रोखण्याचा अधिकार केंद्राला देणारे याच कायद्यातील कलम ६९अ मात्र न्यायालयाने कायम ठेवले. त्यातील आदेशांची गोपनीयता ही आज अधिक गंभीर अडचण आहे, कारण ज्याचा मजकूर गेला त्यालाच अनेकदा कारण कळत नाही.

अटकाही थांबल्या नाहीत. रद्द झालेल्या कलमाखालीच देशात गुन्हे नोंदले जात राहिल्याने ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते बंद करण्याचे आदेश द्यावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात ठाणे पोलिसांनी एका मराठी अभिनेत्रीला फेसबुकवरील पोस्टसाठी अटक केली, तीही मानहानी आणि समाजात तेढ निर्माण करण्याच्या कलमांखाली. जामिनावर सुटायला तिला महिना उलटून गेला. ऑगस्ट २०२४मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या आंदोलनानंतर तर शहराचे इंटरनेटच काही काळ बंद होते.