न्हाणीचं पाणी माडाच्या मुळाशी

दोन वर्षांपूर्वी भर आषाढात आमच्या परसातला सांडपाण्याचा शोषखड्डा तुंबून वर आला. मार्चमध्ये खणला तेव्हा मीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल, आत दगड भरलेले. ओतलेलं पाणी बघता बघता गडप व्हायचं आणि आम्ही सगळे खूश होतो. पावसाने जोर धरला तशी खड्ड्याच्या तोंडाशी काळ्या पाण्याची साय दिसायला लागली. कुजक्या अंड्याचा वास थेट माजघरापर्यंत. विहीर तिथून जेमतेम वीस पावलांवर. काकू एवढंच म्हणाली, "हे आपण पितो त्यात जात नाही ना रे?" मला ठामपणे 'नाही' म्हणता आलं नाही.

शोषखड्डा मुळात वाईट नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे घेतले, गावातली उघडी गटारं बंद केली आणि डासही हटवले. पण तिथली जमीन वेगळी, पाऊस वेगळा. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड-दोन मीटर तरी वर हवा, म्हणजे मधल्या कोरड्या मातीतून झिरपताना पाणी गाळलं जातं. आपल्याकडे कोकणात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जांभ्याखाली शेडी नावाची चिकण माती असते, ती पाणी खाली सोडत नाही. म्हणून विहिरी हात बुडवून तांब्या भरावा इतक्या चढतात. त्या दिवसांत मीटरभर खोल खड्डा म्हणजे सांडपाणी सरळ भूजलात ओतणं. शिवाय जांभा पोकळ नळ्यांनी आणि भेगांनी भरलेला. त्यातून पाणी गाळलं जात नाही, वाहून जातं.

खरी सफाई होते ती वरच्या हात-दीड हात मातीत. तिथे हवा खेळते, मुळं असतात आणि मातीच्या कणाकणावर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो. साबण, खरकटं, अंगाचा मळ हे सगळं त्यांचं अन्न. हवा मिळाली तर ते हे अन्न वास न येता संपवतात. हवा तुटली की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. कपड्यांच्या पावडरीत भर म्हणून सोडियम सल्फेट घातलेलं असतं. हे जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात, तोच तो अंड्याचा वास. आपल्या मातीत लोह भरपूर, त्याच्याशी सल्फाइडचा संयोग होऊन चिखल काळा पडतो. खड्ड्यातला चमचाभर काळा चिखल मी चिऱ्यावर पातळ पसरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तांबूस झाला होता आणि वास गेला होता. काही केलं नव्हतं, फक्त हवा लागली होती.

म्हणून माझं म्हणणं आहे की कोकणात सांडपाणी खोल पुरू नका, उथळ पसरा आणि झाडांना द्या.

हे आपल्याला नवं नाही. न्हाणी परसदारी, तिथून पोफळीचं खोड उभं चिरून केलेली पन्हळ आणि पन्हळीच्या टोकाला माड, केळ किंवा अळू. माशाचं धुवण तर आजही कुणी मोरीत ओतत नाही, ते माडालाच जातं. फरक पडला तो पाण्याच्या मापात. विहिरीवरून कळशीने आणलेलं पाणी बेतानेच वापरलं जायचं. आता नळ घरात आलाय. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर आलं, तर त्यातलं १९० लिटरच्या आसपास सांडपाणी होऊन बाहेर पडतं. एका अळवाच्या वाफ्याला ते झेपणार नाही. पण मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने रोज ४० लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे चार माड आणि केळीचं एक बेट, एवढ्यात घरचं पाणी मुरतं.

साबणाच्या पाण्याने झाड जळेल ही भीती रास्त आहे. पावडरीतलं सोडियम पुष्कळ झाडांना सोसत नाही. माडाचं तसं नाही. तो खाऱ्या वाऱ्यात वाढणारा, त्याला मिठातलं क्लोराइड लागतंच. आळ्यात मीठ घालायची जुनी रीत उगाच पडलेली नाही. तांबड्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम पावडरीतला फॉस्फेटही धरून ठेवतं, त्यामुळे तो सहसा व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, पोचत नाही. पालेभाजी, कोथिंबीर यांना मात्र हे पाणी देऊ नये. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी संडासाच्या पाण्यातच धरायचं.

सगळ्यात त्रास देतं ते खोबरं. वाटपाच्या भांड्यांचं तेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं आणि थंडीच्या सकाळी मातीच्या तोंडावर मेणासारखं बसतं. आम्ही मोरीच्या तोंडाशी भोकं पाडलेली जुनी बादली ठेवलीय, आत नारळाची पिंजलेली सोडणं. तेल, भाताची शितं, खोबऱ्याचा चोथा तिथेच अडतो. आठवड्याने सोडणं काढून खताच्या खड्ड्यात टाकायची, नवी भरायची. हे काम चुकवलं की पुढचं सगळं फसतं.

वाडीत घराला घर लागून असेल, परस नसेल, तर पाखाडीच्या उतारावर सगळ्यांचा मिळून कर्दळीचा वाफा करता येतो. १९५०च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल या शास्त्रज्ञ बाईंनी पाणवनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करण्याचा अभ्यास सुरू केला, त्याच वाटेने आलेली ही युक्ती. खाली प्लास्टिकचा कागद किंवा चोपलेली शेडी, वर दोन फूट खडी, तीत कर्दळ. पाणी खडीच्या दोन-तीन इंच खालून सरकलं पाहिजे. वर डबकं नाही, म्हणजे हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाला अंडी घालायला जागा नाही. जिवाणूंना ऊब लागते, आणि ती जर्मनीपेक्षा आपल्याकडे बारमाही आहे.

पावसाळ्यात माडाची मुळं आधीच भिजलेली असतात, तेव्हा पाणी त्यांच्यावर लादायचं नाही, अशाच कर्दळीच्या वाफ्याकडे वळवायचं. पागोळ्यांचं पाणी वेगळ्या चराने थेट व्हाळाला सोडायचं, त्याची आणि मोरीच्या पाण्याची गाठ पडू द्यायची नाही.

आमचा खड्डा बुजवला. विहिरीच्या उताराकडच्या अंगाला, चांगल्या पन्नास पावलांवर, चार माडांना खोडापासून सहा फुटांची आळी केली, तळात सोडणं पालथी रचली. पन्हळ रोज एका माडाकडे वळते, उरलेले तिघे तीन दिवस श्वास घेतात. मृग लागला की काकू ती कर्दळीच्या वाफ्याकडे फिरवते, आणि दिवाळी झाली की परत माडांकडे.