मोटारगाडी सुधारणा, ठाणे–नवी मुंबई परिसरातील

कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारगाडीची शक्ती, वळणावरची पकड आणि थांबण्याची क्षमता वाढवण्यासाठी केलेले बदल व ते बदल टिकवण्यासाठी घ्यावी लागणारी निगा. बोलण्यात ‘मॉडिफिकेशन’, ‘ट्यूनिंग’ किंवा नुसते ‘मॉड’ हे शब्द रूढ आहेत. रंगपट्ट्या, दिवे, दिखाऊ स्पॉयलर यांचा विचार येथे केलेला नाही.

परिसरातील या कामाचा उगम दोन प्रकारे मांडता येतो. पहिल्या मांडणीनुसार मूळ प्रीमियर ऑटोमोबाइल्सकडे जाते. कुर्ल्यात बनणारी १०८९ घ.सेंमी. इंजिनाची पद्मिनी आणि १९९४ च्या सुमारास कल्याणच्या कारखान्यातून येऊ लागलेली प्यूजो ३०९ यांच्यामुळे ठाणे जिल्ह्यात मोटारीच्या जोडणीत मुरलेले फिटर तयार झाले. दुसरी मांडणी औद्योगिक वसाहतींकडे बोट दाखवते : ठाण्याची वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडचा रबाळे–महापे–तुर्भे पट्टा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत या पट्ट्यात लेथ, ग्राइंडिंग व वेल्डिंगच्या लहान शेड वाढत गेल्या. दोन्ही मते एकमेकांना छेदत नाहीत; तरी दुसरे अधिक पटण्याजोगे वाटते. कार्बोरेटरच्या (हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या यांत्रिक भागाच्या) काळात शक्ती वाढवणे म्हणजे मुख्यतः यंत्रकाम होते. हेड (सिलिंडरवरील झाकण) घासून दाबगुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते, वाढवायचे, सिलिंडर बोअर (आतून कापून रुंद) करायचा, हेडमधील हवेचे मार्ग मोठे व गुळगुळीत करायचे, कॅमशाफ्टचा (झडपा उघडणाऱ्या दांड्याचा) आकार बदलून घ्यायचा. यांपैकी कशालाही मोटार कारखाना लागत नाही, चांगला टर्नर लागतो. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) बदलून मिश्रण जुळवणे मात्र कानाचे काम, आणि तेथे जुन्या गॅरेजमधील मिस्तरीचा वाटा नाकारता येणार नाही. सुटे भाग, विशेषतः जुने व परदेशी, पूर्वीपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून येतात.

हेड किती घासावे याची मर्यादा धातूपेक्षा पेट्रोल ठरवत असे. ऑक्टेन (पेट्रोलची आपोआप न पेटता दाब सोसण्याची क्षमता) कमी असले की दाबलेले मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता पेटते आणि इंजिन ‘नॉक’ होते. मारुती ८०० च्या ७९६ घ.सेंमी. इंजिनापासून एस्टीमच्या १२९८ घ.सेंमी. इंजिनापर्यंत हेच गणित होते.

उत्सर्जनाचे नियम कडक झाले तसा २००० च्या सुमारास कार्बोरेटर मागे पडला आणि काम लेथवरून लॅपटॉपवर गेले. ‘रीमॅप’ म्हणजे इंजिन नियंत्रकातील ठिणगीची वेळ, इंधनाचे प्रमाण व टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब यांची कोष्टके बदलणे. टर्बो नसलेल्या इंजिनाला यातून थोडाच लाभ होतो. टर्बोवाल्यात दाब वाढवता येत असल्याने लाभ मोठा. म्हणूनच २०१३ मध्ये आलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (शक्ती १०५ पीएस; टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७५ न्यूटन-मीटर) बदल करून घेणाऱ्यांची आवडती ठरली. तिच्या सात गतींच्या डीएसजी (दोन क्लचांच्या स्वयंचलित) गिअरबॉक्समधील कोरडे क्लच सुमारे २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी आखलेले आहेत. म्हणजे तेथे बरीच जागा शिल्लक होती. त्याच गिअरबॉक्ससह आलेले १.५ टीएसआय इंजिन मात्र कारखान्यातूनच २५० न्यूटन-मीटर देते. त्यावर रीमॅप केला की इंजिन तग धरते, क्लच घसरू लागतो, आणि घोडबंदर रस्त्यावरील कोंडीत अर्धवट जोडलेला क्लच तापत राहिल्याने हे लवकर उघड होते. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसच्या सहा गतींच्या गिअरबॉक्समध्ये क्लच तेलात बुडालेले असल्याने ही अडचण बरीच कमी आहे. बदलांच्या पायऱ्या सांगणाऱ्या ‘स्टेज १’, ‘स्टेज २’ या संज्ञांना ठरलेले प्रमाण नाही; दोन गॅरेजांची ‘स्टेज २’ सारखी असेलच असे नाही.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलमुळे नवा हिशेब आला आहे. निव्वळ पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. ऑक्टेन वाढते ही जमेची बाजू, परंतु जुन्या कोष्टकावर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ पडण्याचा (हवेच्या मानाने इंधन कमी पडण्याचा) धोका राहतो. १०० ऑक्टेनचे पेट्रोल २०२० च्या अखेरीस बाजारात आले. त्यासाठी बसवलेला रीमॅप साध्या पेट्रोलवर चालवला की नियंत्रक ठिणगी मागे ओढतो (उशिरा पाडतो) आणि विकत घेतलेली शक्ती निघून जाते.

निगेत ब्रेक तेलाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक तेलाचा उत्कलनांक कोरडे असताना किमान २३०° से., पाणी शोषल्यावर किमान १५५° से. हे तेल हवेतील ओलावा ओढते. खाडीकाठच्या पावसाळ्यात तर विशेष. रस्त्यावर याची जाणीवही होत नाही, पण ट्रॅकवर (शर्यतमार्गावर) तेल उकळून पेडल खाली जाते. म्हणून ट्रॅकआधी तेल बदलणे हा नियमच समजला जातो. ट्रॅकचे ब्रेक पॅड गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत, त्यामुळे ते रोजच्या वापरासाठी धोकादायक ठरतात.

परिसरात कायमस्वरूपी शर्यतमार्ग नाही. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई (३.७ किमी.), कोइम्बतूरचा कारी (२.१ किमी.) आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध (५.१२५ किमी.) हे प्रमुख मार्ग. चेन्नईच सुमारे तेराशे किलोमीटर दूर, त्यामुळे ट्रेलर न परवडणाऱ्याला जाण्यायेण्याजोगी गाडी ठेवावी लागते. सरळ धावेच्या स्पर्धा लोणावळ्याकडील अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत. नवी मुंबईतील पाम बीच मार्गावरील शर्यती हा खेळ नव्हे : राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

त्याच अधिनियमाचे कलम ५२ नोंदणीपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मना करते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील प्रकरणात हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रु. दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी एमएच ०४ (ठाणे) असो वा एमएच ४३ (नवी मुंबई), नियम एकच. साधारण मोटार विम्यात शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते, आणि न कळवलेला बदल आढळल्यास रस्त्यावरील अपघाताचा दावाही अडू शकतो.