जीवनसत्त्वपूरके, मार्जारमीन-पिलांच्या खाद्यातील

मागूर, शिंगी, पंगस अशा मिशाळ, खवले नसलेल्या माशांच्या पिलांना कृत्रिम खाद्यातून द्यावी लागणारी जीवनसत्त्वे. खानदेशात शेततळ्यातील पिलांना प्लवक व किडे खायला मिळतात, त्यामुळे उणीव सहसा लपून राहते. धरणातील पिंजऱ्यात किंवा हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात) कोंडलेल्या बोटुकलीला (बोटाएवढ्या पिलांना) मात्र समोर पडेल तेवढेच अन्न मिळते. थाई मागूरच्या संवर्धनास देशात बंदी असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

सर्वांत जास्त चर्चा क जीवनसत्त्वाची झाली आहे. ते तयार करण्याच्या अखेरच्या टप्प्याला लागणारे विकर (एन्झाइम) अस्थिमत्स्यांपैकी (हाडांचा सांगाडा असलेल्या माशांपैकी) टेलिऑस्ट गटात, म्हणजे मार्जारमीनांसह आजच्या बहुतेक माशांत, नाही. स्टर्जन व फुप्फुसमीन यांच्या वृक्कात ते आढळते. कार्पमध्येही अल्प क्रिया दिसल्याच्या जुन्या नोंदी आहेत, पण पुढील जनुकीय अभ्यासांनी त्यांना पुष्टी दिली नाही. त्यामुळे या गटाने ही क्षमता फार पूर्वीच गमावली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेतील चॅनेल मार्जारमीनात पाठीचा कणा वाकण्याची विकृती 1970 च्या दशकात याच उणिवेशी जोडली गेली. असे पिलू तळहातावर घेतले तर शेपटीकडचा भाग एका बाजूला वळलेला दिसतो. ही विकृती एकदा आली की खाद्य सुधारूनही कणा सरळ होत नाही.

किती द्यावे, यावर मतभेद आहेत. 1978 च्या सुमारास किलो खाद्यामागे सुमारे 60 मिग्रॅ. हा आकडा पुढे आला, तर 1991 मध्ये फॉस्फेटयुक्त स्थिर रूप वापरून 11 मिग्रॅ. पुरेसे ठरले. ही तफावत माशाच्या गरजेपेक्षा खाद्य बनवताना व साठवताना होणाऱ्या नाशामुळे असावी. साधे क जीवनसत्त्व उष्णता, ओलावा व हवेने लवकर नासते. जळगाव-भुसावळचा पारा एप्रिल-मेमध्ये 45 अंशांच्या आसपास जातो. तेथे पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पूरकाचा पांढरा चुरा तपकिरी पडून ढेकळे झाली, तर ते पिलांना घालू नये. म्हणून येथे स्थिर रूपच घ्यावे.

इतर जीवनसत्त्वांत पँटोथेनिक आम्ल (किलोमागे 10–15 मिग्रॅ.) महत्त्वाचे आहे, कारण ते कमी पडले तर कल्ल्यांच्या पाकळ्या चिकटून जाडसर होतात. थायमिनाची गरज सुमारे 1 मिग्रॅ. एवढीच असते. पण काही कच्च्या माशांत त्याचा नाश करणारे विकर असते, तेव्हा तसा मासळीचा चुरा शिजवून द्यावा. खवट तेलाने ई जीवनसत्त्व खर्च होते. शेंगदाणा व सरकीची पेंड खानदेशात मुबलक आहे, पण ती क जीवनसत्त्वाची भरपाई करत नाही.

पिलांचे खाद्य बारीक असल्याने विद्राव्य जीवनसत्त्वे पाण्यात लगेच उतरतात. त्यामुळे थोडे थोडे, दिवसातून अनेकदा टाकणे बरे. पूरकात कोलीन क्लोराइड मिसळले असल्यास ओल धरते व इतर घटक नासतात. ते वेगळे ठेवून खाद्य बनवतानाच मिसळावे.