तीव्र तापमान व हृदयविकाराने होणारे मृत्यू

तीव्र तापमान व हृदयविकाराने होणारे मृत्यू : कडक उष्मा किंवा कडाक्याची थंडी पडली की हृदयविकाराने दगावणाऱ्यांचे प्रमाण वाढते. 27 देशांतील 567 शहरांमध्ये 1979 ते 2019 या काळात झालेल्या सुमारे 3.2 कोटी हृद्रोगमृत्यूंचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर हजार हृद्रोगमृत्यूंमागे अतिउष्ण दिवसांमुळे सुमारे 2.2, तर अतिथंड दिवसांमुळे सुमारे 9.1 जादा मृत्यू होतात.

उष्म्यात त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयावरचा भार वाढतो आणि घामावाटे पाणी गेल्याने रक्त दाट होते. लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो व रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते. उष्म्याचा परिणाम दोन-तीन दिवसांत दिसतो, थंडीचा मात्र काही आठवडे रेंगाळतो.

तापमान एकच असले, तरी त्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. 13 जुलै 1995 रोजी शिकागोत पारा सुमारे 41 अंश सेल्सिअसवर गेला आणि त्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे 739 मृत्यू अधिक झाले. मृतांत एकटे राहणारे गरीब वृद्ध पुष्कळ होते; चोरीच्या भीतीने खिडक्या बंद ठेवून, वातानुकूलनाविना अनेकजण तापलेल्या खोल्यांत राहिले. नॉर्थ लॉनडेल या कृष्णवर्णीयांच्या ओस पडत चाललेल्या वस्तीतील मृत्युदर शेजारच्या, मेक्सिकन वंशीयांच्या गजबजलेल्या साउथ लॉनडेलच्या सुमारे दहापट होता, आणि गरीब व एकाकी वृद्ध तर दोन्हीकडे होते; तेव्हा केवळ गरिबीने हा फरक उलगडत नाही. शववैद्यक अधिकारी एडमंड डॉनह्यू यांनी तापलेल्या खोलीत सापडलेल्या हृद्रोग्यांच्या मृत्यूंतही उष्म्याचा वाटा नोंदवला, त्यावर महापौर रिचर्ड डेली यांनी शंका घेतली. एरवी अशा मृत्यूंच्या दाखल्यावर केवळ हृदयविकार लिहिला जातो, त्यामुळे उष्माघाताचे सरकारी आकडे खऱ्या हानीपेक्षा नेहमी कमी भरतात.

थंडीच्या बाबतीतही घराची स्थिती निर्णायक ठरते : हिवाळ्यातील जादा मृत्यूंचे प्रमाण कडक थंडीच्या फिनलंडपेक्षा सौम्य हवामानाच्या पोर्तुगालमध्ये अधिक आढळते, कारण तेथील घरे पुरेशी उबदार नसतात.

मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात सर्व कारणांनी मिळून 1,344 जादा मृत्यू झाले. त्यानंतर 2013 मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा लागू झाला. पूर्वसूचना, दवाखान्यांची सज्जता आणि पुढे वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देणे हे त्यातील उपाय होत. नागपूरनेही असा आराखडा स्वीकारला आहे.